शेवटच्या घोड्याचे साहेब

इंदूरला घोड्यांच्या शर्यती होतात हे सांगलीच्या माझ्या माहेरच्यांना अजून खरं वाटत नाही. त्यांच्या मते इंदूरला फक्त पोहे आणि शेव होतात. मी लग्न होऊन इथे आले, परीक्षा दिली आणि राज्य सरकारच्या एका चिमुकल्या कार्यालयात चिकटले. शर्यतींवर देखरेख ठेवणं हेच या कार्यालयाचं काम. हे ऐकून माझ्या आत्याने काळजीने विचारलं होतं, म्हणजे तू जुगाराच्या अड्ड्यावर बसतेस का? मी म्हटलं, बसत नाही गं, अड्डा नीट चालतो की नाही ते बघते. त्याने तिची काळजी वाढलीच.

खरं तर बघायचं काम माझं नव्हतं. मी परवाने, अर्ज आणि बैठका सांभाळायची. बघायचं काम आमच्या निरीक्षक साहेबांचं. ते अस्सल इंदुरी मराठी. संस्थानच्या काळात त्यांचे पणजोबा पागेत होते, आजोबाही पागेत होते, वडील पागा गेल्यावर बँकेत लागले आणि साहेबांच्या वाट्याला सरकारी दुर्बीण आली. अंगाने काटकुळे, पण मिशा मात्र पणजोबांच्या मापाच्या. खाकी सफारी, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कानटोपी. कानटोपी थंडीत असायची आणि उन्हातही असायची.

नोकरीतली माझी पहिली शर्यत. हिवाळ्यातला रविवार, प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये ही गर्दी, हातात चिठ्ठ्या, तोंडात नमकीन. मला साहेबांच्या सोबत पलीकडच्या वळणावरच्या लाकडी मचाणावर चढवलं होतं. घोडे सुटले तशा सगळ्या मैदानाच्या माना पुढच्या घोड्यांबरोबर फिरू लागल्या. फक्त साहेबांची दुर्बीण मागेच राहिली. घोडे वळणावरून गेले, स्टँड उसळला, टोप्या उडाल्या, आणि मला धुळीशिवाय काहीच दिसलं नाही. मी विचारलं, कोण जिंकलं?

"काय माहीत," साहेब दुर्बिणीची काच पुसत म्हणाले. "लाउडस्पीकरवर सांगतील अभी. पण ती काळी घोडी शेवटी आली ना ताई, ती इमानदारीने शेवटी आली."

मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे आणि सरकारला ते कळलेलं नाही. आमच्या घरी पहिल्या नंबराशिवाय दुसरा नंबर कोणी मोजत नसे. दहावीला मी शाळेत दुसरी आले तेव्हा वडिलांनी पेढे आणले होते, पण अर्धा किलोच. अशा घरातल्या मुलीला हरणाऱ्याकडे डोळे लावून बसलेला माणूस म्हणजे विनोदच होता.

मग चहाच्या वेळी त्यांनी समजावलं. घोड्याला त्याच्या दमापेक्षा जास्त कोणी पळवू शकत नाही, पण कमी पळवू शकतं. त्यामुळे शर्यतीतली लबाडी पुढे नसते, मागे असते. चांगला तगडा घोडा असतो, जॉकी हळूच लगाम ओढून धरतो, घोडा मागे पडतो आणि ज्यांनी दुसऱ्यावर पैसे लावलेत त्यांची दिवाळी होते. याला मैदानावर 'खेचणं' म्हणतात. तेव्हा हरणाऱ्यांकडे बघायला एक माणूस पाहिजे, आणि तो माणूस सरकारने पगार देऊन ठेवलेला आहे. "पहिल्याला देखने के लिए तर पूरा शहर बैठा है," ते म्हणाले. "मागच्याला कोण बघणार? मी बघतो."

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे साहेब स्वतः साहेब असून जन्मभर घोड्यांच्या मागे राहिले. मैदानावरचे लोक त्यांना 'पिछाडीवाले साहबजी' म्हणत. त्यांना राग यायचा नाही. उलट कोणी नवीन माणूस भेटला की तेच ओळख करून देत.

हे वेड मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. आमच्या कार्यालयासमोर पोह्यांच्या गाड्यांची रांग आहे. सगळ्या गाड्यांवर सकाळी झुंबड, आणि शेवटच्या एका गाडीवर फक्त माशा. साहेब न चुकता त्या गाडीवर. एकदा मी त्यांच्या आग्रहाने तिथले पोहे खाल्ले. भिजवलेल्या पुठ्ठ्याला हळद लावली तर तो बरा लागेल. मी तोंड वाकडं केल्यावर साहेब गंभीरपणे म्हणाले की त्यांनी नीट चौकशी केलेली आहे, माणूस तेल चांगलं वापरतो, वरचा जिरावन मसाला ताजा टाकतो, पहाटे उठतो, पूर्ण जोर लावतो, फक्त त्याच्या हाताला चव नाही. पोहे इमानदारीने खराब आहेत. आणि या निकालावर ते पुढची सगळी वर्षं तिथेच खात राहिले.

बोर्डाचे निकाल लागले की मोहल्ल्यात पहिल्या आलेल्या मुलीकडे लोक हार घेऊन जात. साहेब गल्ली ओलांडून नापास झालेल्याच्या घरी. तिथे जाऊन शांतपणे विचारत, कसे काय हरलात? दोन घरांतून त्यांना हाकललं होतं. वॉर्डाच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराकडे एकदा ते तासभर बसून आले आणि आल्यावर मला म्हणाले, "ये तो खींचा हुआ था. घरच्यांनीच खेचलं." खरं काय ते देव जाणे, पण त्या उमेदवाराने नंतर सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं एवढं मला ठाऊक आहे.

सगळ्यात गंमत झाली ती कार्यालयातल्या हेडक्लार्कच्या मुलाच्या वरातीत. आमच्या मैदानावरून निवृत्त झालेल्या घोड्या लग्नसराईत नवरदेव वाहतात. त्या दिवशी घोडीच्या कानाशी फटाका फुटला आणि तिला आपलं तारुण्य आठवलं. नवरदेव, मुंडावळ्या, तलवार सगळं घेऊन ती मांडवावरून जी पुढे गेली ती थेट चौकात. सगळे पुढे बघून बोंबलत होते. साहेब मात्र मागे वळून वरातीच्या शेपटाकडे बघत होते, आणि रात्री जेवताना त्यांनी निवाडा दिला की नवरदेवाचे काका धावताना मुद्दाम मागे राहिले. काकांना हे लग्न पसंत नव्हतं हे पुढे सगळ्यांनाच कळलं.

पण या माणसाची एक गोष्ट मला फार खटकायची. त्यांना कधीच काही आवडायचं नाही. म्हणजे नावडायचंही नाही. अमुक घोडा चांगला, असं एकदाही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. पैसे लावायचे नाहीत हा तर नोकरीचा नियमच होता, पण ते मनातल्या मनातसुद्धा लावायचे नाहीत. जिलबी की गुलाबजाम, विचारून बघा, उत्तर मिळणार नाही. त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज भाजी कोणती करू याचं उत्तर मला या माणसाने दिलं नाही. साडी निळी घेऊ की हिरवी, तर म्हणतात दोन्ही मैदानात आहेत." मी साहेबांना छेडलं तेव्हा ते म्हणाले, "ज्याला कोणी जिंकावंसं वाटतं ना ताई, त्याची नजर पुढे जाते. एक बार गेली की गेली. मग मागचं दिसत नाही." आणि पुन्हा त्यांनी दोन्ही भाज्या थोड्या थोड्या वाढून घेतल्या.

हे सगळं खरं, पण संध्याकाळी हा माणूस तबेल्यात जायचा. कागदोपत्री ती तपासणी असायची. तपासणीला जाताना खिशात गुळाचे खडे कशाला लागतात हे मी विचारलं नाही. शेवटच्या ठाणापासून सुरुवात करायची, प्रत्येक घोड्याला सारखा खडा, कोणाला मोठा नाही, कोणाला छोटा नाही. तबेल्यामागेच घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसांची वस्ती होती. त्यांच्याही पणजोबांनी संस्थानच्या पागेत काम केलेलं. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा साईस साहेबांना बसायला बाज टाकायचा, आणि मग दोघं घोड्यांचं चघळणं ऐकत बसायचे. मला तर तिथे शेणाचा वास यायचा. साहेब म्हणायचे, वास येतोच. त्यात आवडनिवड कसली.

मग पुनर्विकास आला.

हा शब्द इंदुरात आधी रस्त्यांना लागला, मग बाजारांना, आणि फिरत फिरत आमच्या मैदानापर्यंत पोचला. स्टँडचं छप्पर गळत होतं, कठडे गंजले होते, काहीतरी करायला हवं होतं याबद्दल वाद नव्हता. राज्याने समिती नेमली. समितीपुढे दोन आराखडे आले. एकात काचेचा नवा स्टँड, हॉटेल, समारंभाचे हॉल, आणि तबेले व वस्ती उचलून थेट शहराबाहेर सांवेरच्या बाजूला. दुसऱ्यात जुना स्टँड दुरुस्त करायचा आणि तबेले व वस्ती जिथे आहेत तिथेच नीट बांधून द्यायची. साईसांच्या बायका शहरातल्या घरांतून कामाला जायच्या, पोरं इथल्या शाळेत. सांवेर म्हणजे त्यांना बसने रोजचा प्रवास, नाहीतर सगळंच सोडणं. म्हातारा साईस रोज साहेबांना विचारायचा, क्या होगा साहबजी? साहेब म्हणायचे, दोन्ही मैदानात आहेत.

दुसरा आराखडा केला होता एका तरुण सरकारी इंजिनिअरने. तो बऱ्हाणपूरचा, मराठीच. मुलगा झपाटलेला होता. मैदानावर मोजमापं घ्यायला यायचा तेव्हा मातीत काडीने रेघा ओढून साईसांना समजवायचा, इथे तुमचं घर, इथे नळ, इथून घोडे रस्ता न ओलांडता मैदानावर. बायका पदराआडून हसत ऐकायच्या. साहेब लांब उभे राहून बघायचे.

बैठकीच्या दिवशी काचेच्या स्टँडवाल्यांनी आधी फिल्म दाखवली. संगीत, आकाशातून घेतलेली दृश्यं, काचेत सूर्यास्त. समितीतले सगळे माना वर करून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मीही. मग बऱ्हाणपूरचा इंजिनिअर उठला. तो बोलला, पण कसा? आवाज खाली. सगळ्यात महत्त्वाचा, वस्तीचा नकाशा त्याने न दाखवताच उलटून टाकला. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, गाड्या कुठे लागणार? याचं उत्तर त्याच्याकडे होतं, स्टँडमागचा उतार तो स्वतः आम्हाला दाखवून गेला होता. पण तो म्हणाला, "उसमें थोड़ी दिक्कत है, मॅडम." आणि बसला. मला वाईट वाटलं, पण मी मनात म्हटलं, घाबरला बिचारा.

अध्यक्षबाई नुकत्याच बदलून आलेल्या, तडफदार, घड्याळाकडे लक्ष असलेल्या. त्या म्हणाल्या, तो फिर पहले वाले पर सहमति है? तेवढ्यात कोपऱ्यातून साहेब उभे राहिले. इतक्या बैठकांत हा माणूस कधी बोललेला मला आठवत नाही.

"हरकत आहे," ते म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "मॅडम, आपत्ति है. ये दौड़ ठीक से नहीं हुई. दूसरा घोड़ा खींचा गया है."

खोलीत कोणाला हसावं की नाही ते कळेना. बाईंनी विचारलं, आप दूसरे प्लान के पक्ष में हैं? साहेब म्हणाले, मी कोणाच्याच पक्षात नाही, मी फक्त मागच्याला बघत होतो. मग त्यांनी शर्यतीत सांगतात तसं सांगितलं. या मुलाच्या हातात चाबूक होता, त्याने उचलला नाही. वळणावर जागा मोकळी होती, तो मुद्दाम बाहेरून गेला. निकाल जाहीर व्हायच्या आधी निरीक्षकाने हरकत घेतली तर निकाल थांबतो, हा राज्याचाच नियम आहे, आणि हे मैदान राज्याच्या नियमाने चालतं. हा नियम घोड्यांसाठी आहे, बैठकीसाठी नाही, हे बाईंना आणि मला दोघींनाही माहीत होतं. त्या क्षणभर साहेबांच्या मिशांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन ठेवलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

संशय आलेल्या जॉकीला साहेब कधी चारचौघांत विचारत नसत. त्याला घेऊन मैदानाला एक फेरी मारत. त्या संध्याकाळी त्यांनी इंजिनिअरला तसंच फिरवलं, आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून मलाही बरोबर घेतलं. अर्धी फेरी झाली. मग मुलगाच बोलला. वडील बऱ्हाणपूरला अंथरुणाला खिळलेले, हा बदली मागून थकलेला. त्याच्या खात्यातल्या वरच्या एका साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, प्लान जरूर दिखाओ, पर ज़ोर मत लगाना, बऱ्हाणपूरची खुर्ची खाली होते आहे. मुलगा रडायला लागला. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली.

साहेब म्हणाले, "पहिल्यांदा खेचलं त्याला दुसरी दौड मिळते. दुसऱ्यांदा खेचलं तर घर. माझा हाच कायदा आहे भिया. कोणी सांगितलं त्याचं नाव मला नको. परत पळ, बस."

दुसऱ्या बैठकीत तो पोरगा काय बोलला! वस्तीचा नकाशा आधी लावला. उतार दाखवला, स्टँडचे खांब अजून मजबूत आहेत हे दाखवलं, एकेका प्रश्नाला उत्तर. मागच्या बाकावर म्हातारा साईस आणि वस्तीतल्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांचे चेहरे उजळत गेले. मला वाटलं, आता हा जिंकला. साहेब नेहमीसारखे कोपऱ्यात, चेहऱ्यावर काही नाही.

आणि तो हरला. या वेळी बाईंनी फिल्मकडे बघितलंच नाही. त्यांनी तबेल्यांची बाजू स्वतः जाऊन पाहिली होती. त्या म्हणाल्या, चारही बाजूंनी कॉलनी आली आहे, तबेल्याचं पाणी नाल्यातून लोकांच्या दारात जातं, लग्नाच्या हॉलांचे फटाके रात्रभर, घोडे बिथरतात. सांवेरकडे मोकळी जमीन आहे, घोड्यांना तिथेच बरं. तबेले हलवण्याआधी वस्तीची घरं बांधून होतील आणि शहरात यायला बस मिळेल, ही अट त्यांनी तिथल्या तिथे घातली. कारणं खोटी नव्हती. मी त्यांच्यात खोट शोधत होते, ती सापडत नव्हती, याचाच मला संताप आला.

मग बाई साहेबांकडे वळल्या आणि मान देऊन म्हणाल्या, "निरीक्षक जी, कोई आपत्ति?"

साहेब उभे राहिले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते, मागच्या बाकावरचा म्हातारा साईसही. तेवढा एक शब्द पुन्हा उच्चारला असता तर निकाल आणखी थोडा थांबला असता, आणि तो उच्चारण्याची त्यांना मुभा होती.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "पूरी ताकत से दौड़ा. हरकत नाही."

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. माझा तोल गेला होता. मी म्हटलं, साहेब, मग थांबवलंतच कशाला? शेवटी घालवलीच ना ती वस्ती? तुम्हाला कधी काही वाटतच नाही का? ते स्कूटरला किल्ली लावत होते, ती लागत नव्हती. त्यांनी कानटोपी काढली. मी त्यांना कधी बोडक्या डोक्याने पाहिलं नव्हतं. खूपच म्हातारे दिसत होते.

"ताई," ते म्हणाले, "मला तो जिंकायला पाहिजे होता. पहिल्या दिवसापासून."

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांची स्कूटर स्टँडवरून कलायला लागली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली, आणि त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत तशीच धरून उभी राहिले.